पिट्सबर्गला येताय? ‘यिन्झ’, ‘नॅट’ आणि बाकीच्या बोलीची तोंडओळख

पिट्सबर्गला येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. घरमालकीणबाई वर आल्या, न्हाणीघरात डोकावल्या आणि म्हणाल्या, “दॅट टाऽल नीड्स रिप्लेस्ट.” मला ‘टॉवेल’ ऐकू आलं. टॉवेल माझाच होता, कोल्हापुरातून आणलेला, धुऊन धुऊन विटलेला. पण तो या बाईंच्या डोळ्यांत का खुपावा? असेल बाबा इथली रीत, म्हणून संध्याकाळी बस पकडून नवा टॉवेल आणला आणि दाराला दिसेल असा टांगला. दोन दिवसांनी एक मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन हजर झाला आणि टबाशेजारची फुटकी टाइल उचकटायला लागला. नव्या टॉवेलला त्याने हात पुसले.

पिट्सबर्गच्या जुन्या तोंडात ‘टॉवेल’ही ‘टाऽल’ आणि ‘टाइल’ही ‘टाऽल’. आणि मी तर इंग्रजीच्या परीक्षेत बरे मार्क घेऊन आलेला माणूस!

कार्नेगी मेलन किंवा पिट विद्यापीठात शिकायला येणारे, इथल्या हॉस्पिटलांत नोकरीला येणारे आणि त्यांच्यासोबत येऊन घर सांभाळणारे, अशांसाठी हे लिहितोय. विद्यापीठात ही बोली फारशी कानावर पडणार नाही, कारण तिथे सगळेच बाहेरचे. ती भेटते घरमालक, प्लंबर, बसचा ड्रायव्हर, किराणा दुकानातला मांसाचा काउंटर आणि दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या आजी यांच्याकडे. म्हणजे नेमकी जिथे आपली कामं अडतात तिथे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही बोली पुस्तकी इंग्रजीच्या चष्म्यातून बघाल तर सगळं चुकीचं वाटेल. मराठीतून बघा, निम्मी आपोआप समजेल.

## सोबत काय ठेवायचं

- खिशात मावेल अशी वही. शब्द ऐकू आला की देवनागरीत लिहा, जसा कानावर पडला तसा. स्पेलिंगच्या नादाला लागू नका. ‘डाऽनटाऽन’ देवनागरीत जितकं नेमकं उतरतं तितकं रोमन लिपीत उतरत नाही.
- विद्यापीठाचं ओळखपत्र. कार्नेगी मेलन आणि पिटच्या विद्यार्थ्यांना त्यावर शहराच्या बसमध्ये फिरता येतं, आणि बस हा या बोलीचा फुकटचा वर्ग आहे.
- कार्नेगी लायब्ररीचं कार्ड. फोटो असलेलं ओळखपत्र आणि इथला पत्ता दाखवणारा कागद लागतो. ओकलंड या विद्यापीठांच्या भागातली मुख्य इमारत १८९५ची आहे. स्थानिक इतिहासाची पुस्तकं तिथे भरपूर मिळतात.
- रेडिओ. केडीकेए हे इथलंच केंद्र, २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगत सुरू झालेलं. सकाळी ट्रॅफिकच्या बातम्या ऐका, ठिकाणांचे उच्चार कानात बसतात.
- घराच्या कराराची प्रत. मालक तोंडी काही बोलले आणि शंका राहिली, तर त्याच दिवशी मेसेज करून विचारा: “तुम्ही अमुक बदलायचं म्हणालात ना?” टॉवेलचे पैसे वाचतात.

## १. आधी गावाची आणि नद्यांची नावं

सुरुवात शहराच्या नावापासूनच. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘एच’ आहे, तो गाळू नका. १८९१ मध्ये अमेरिकेच्या नावं ठरवणाऱ्या सरकारी मंडळाने तो काढून टाकला होता. लोकांनी वीस वर्षं कुरकुर केली आणि १९११ मध्ये तो परत मिळवला. ‘एच’ नसलेली याच नावाची गावं कॅन्ससमध्ये आणि कॅलिफोर्नियात आहेत. फॉर्मवर घाईने लिहिणाऱ्यांनी सांभाळावं.

कार्नेगी हे नाव न्यूयॉर्कवाले ‘कार्निगी’ म्हणतात, भर ‘का’वर. इथे ‘कार-ने-गी’, भर ‘ने’वर. स्कॉटलंडहून आलेले अँड्र्यू कार्नेगी स्वतः असंच म्हणत, त्यामुळे या बाबतीत इथली माणसं माघार घेत नाहीत. डुकेन या इथल्या विद्यापीठाचं नाव फ्रेंच आहे, मधलं ‘एस’ मुकं. मग वाटतं, फ्रेंच नावं फ्रेंचसारखीच म्हणायची. तिथेच फसाल. नॉर्थ व्हर्साय नावाच्या उपनगराला इथे ‘नॉर्थ व्हर्सेल्झ’ म्हणतात. ‘व्हर्साय’ म्हणालात तर बसचा ड्रायव्हर तुमच्याकडे बघतच राहील.

ॲलिगेनी आणि मनॉन्गहीला या दोन नद्या शहराच्या टोकाला मिळतात आणि तिथून पुढे ओहायो नदी होते. त्या टोकाला नुसतं ‘पॉइंट’ म्हणतात. मनॉन्गहीलाचं पूर्ण नाव कुणी घेत नाही, ती ‘मॉन’. तिला मिळणारी यॉकागेनी ही ‘यॉक’. तिचं स्पेलिंग बघून उच्चार करायचा प्रयत्नसुद्धा करू नका.

## २. कान ‘आऽ’ला लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका.

‘औ’ किंवा ‘आउ’ हा जोडस्वर जुन्या पिट्सबर्गी तोंडात सपाट होतो आणि नुसता ‘आऽ’ उरतो. डाउनटाउनचं ‘डाऽनटाऽन’, हाउसचं ‘हाऽस’, आउटचं ‘आऽट’, साउथ साइडचं ‘साऽथ साइड’. हे एक सूत्र कळलं की निम्मं धुकं निवळतं.

दुसरं सूत्र ‘ल’ आणि ‘र’च्या आधीचं. तिथे ‘आय’सुद्धा सपाट होतो. टाइल ‘टाऽल’, आयर्न ‘आर्न’. ‘आर्न’ मागणारा माणूस इस्त्री मागत नसतो; आयर्न सिटी नावाची इथली जुनी बिअर आहे, ती त्याला हवी असते.

तिसरं, ‘ल’च्या आधीचे दीर्घ स्वर ऱ्हस्व होतात. ‘स्टील’चं ‘स्टिल’ होतं. फुटबॉलचा संघ स्टीलर्स, १९३३ सालचा. सगळं गाव त्याला ‘स्टिलर्स’ म्हणतं. जायंट ईगल ही इथली किराणा दुकानांची साखळी, ती ‘जायंट इगल’. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्लेल्या मराठी माणसाला हे ऐकून जरा बरंच वाटतं.

सराव असा करा. ओकलंडहून स्क्वर्ल हिलमार्गे पुढे जाणारी ६१सी बस धरा आणि पुढच्या सीटवर बसा. इअरफोन काढून ठेवा. म्हाताऱ्या प्रवाशांचं बोलणं ऐका आणि फक्त ‘आऽ’ मोजा. चार-पाच फेऱ्यांत कान तयार होतो. माझा झाला.

## ३. ‘यिन्झ’ आणि ‘नॅट’

‘यिन्झ’ म्हणजे तुम्ही. अनेकवचनी तुम्ही. पुस्तकी इंग्रजीत एकाला आणि दहाजणांना एकच सर्वनाम, ही अडचण प्रत्येक गावाने आपापल्या परीने सोडवली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ म्हणतात, इथे ‘यिन्झ’. मूळ ‘यू वन्स’, आणि ते आणलं अठराव्या शतकात इथे स्थायिक झालेल्या स्कॉट्स-आयरिश, म्हणजे स्कॉटलंडहून आयर्लंडमार्गे आलेल्या लोकांनी. त्यांच्या बोलीतले कितीतरी शब्द पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलखात टिकून राहिले. पुढे पोलाद गिरण्यांत पोलंड, स्लोव्हाकिया, इटलीहून आलेल्या मजुरांची पोरं हीच भाषा बोलत मोठी झाली.

मराठी माणूस इथे हमखास एका खड्ड्यात पडतो. आपला ‘तुम्ही’ आदरार्थीही असतो. ‘यिन्झ’ तसा नाही. त्यात आदराचा मागमूस नाही, फक्त संख्या आहे. माझा एक रूममेट, सांगलीचा, हुशार पोरगा, त्याने आपल्या एकट्या प्राध्यापकाला मोठ्या आदराने ‘यिन्झ’ म्हटलं. प्राध्यापकांनी मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून.

आता ‘नॅट’. मूळ ‘अँड दॅट’. वाक्याच्या शेवटी येतो आणि अर्थ होतो ‘वगैरे’. पण ‘वगैरे’ म्हटलं की त्याची चव जाते. आपण ‘चहाबिहा’, ‘पेनबिन’, ‘लग्नबिग्न’ म्हणतो ना, तो ‘बि’ म्हणजे ‘नॅट’. “वी वेंट डाऽनटाऽन फॉर कॉफी नॅट” म्हणजे “कॉफीबिफी प्यायला गेलो होतो गावात”. यादी अर्धी आहे, उरलेलं तुम्ही समजून घ्या, एवढंच त्यात असतं. “नॅट म्हणजे अजून काय काय?” असं विचारू नका. मी विचारलं होतं. उत्तर नसतं.

गाड्यांच्या मागे ‘एन’ अक्षर आणि त्यापुढे ईमेलमधलं ‘ॲट’चं चिन्ह असा स्टिकर दिसेल. तो हाच शब्द.

## ४. घरात आणि अंगणात

रेड अप. लाल रंगाशी काही संबंध नाही. घर आवरणं, पसारा उचलणं. पाहुणे यायचे असले की इथली आई पोरांना हेच ओरडते. तीही स्कॉटिशांची देणगी. शहरातल्या स्वच्छता मोहिमांनाही हे नाव देतात.

नेबी. ‘नेब’ म्हणजे चोच, नाक. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा तो ‘नेबी’. पुस्तकी इंग्रजीतून शिकलात तर पाठ करावा लागेल. मराठी माणसाला तो जन्मतःच येतो. शेजारीण म्हणाली, “नॉट टू बी नेबी, बट...” की समजा चौकशी सुरू झाली: लग्न झालं का, भाडं किती देता, स्वयंपाकाचा वास कसला येतो. अगदी आपल्या वाड्यातल्यासारखं. राग मानू नका, याच बाया बर्फ पडल्यावर तुमच्या पायऱ्यांवर मीठ टाकून जातात.

स्लिपी. निसरडं. डिसेंबर ते मार्च हा शब्द रोज ऐकाल. शहर टेकड्यांवर आहे, पायऱ्यांचे सार्वजनिक जिने जागोजागी, त्यामुळे तो नुसता वर्णनाचा शब्द नाही, इशारा आहे.

जॅगर. काटा. ‘जॅगरबुश’ म्हणजे काटेरी झुडूप. हा लक्षात ठेवा, आठव्या पायरीला लागेल.

बाकीचे पटकन: ‘गमबँड’ म्हणजे रबर बँड, ‘स्वीपर’ म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, झाडूवाला माणूस नव्हे, ‘स्पिकेट’ म्हणजे नळ, ‘क्रिक’ म्हणजे ओढा.

## ५. व्याकरणातल्या खोड्या

शब्द ओळखता येतात. वाक्य मात्र बेमालूम फसवतं.

‘नीड्स वॉश्ट’. गाडी धुवायला पाहिजे, हे इथे ‘द कार नीड्स वॉश्ट’. मधलं ‘टू बी’ गायब. जुन्या माणसांच्या तोंडी ‘वॉर्श्ट’, मध्ये एक फुकटचा ‘र’. ही चूक नाही, स्कॉटिश रचना आहे. गंमत म्हणजे इथले शिकलेसवरलेलेही ती ईमेलमध्ये लिहितात आणि यात काही वेगळं आहे हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही मात्र प्रबंधात लिहू नका, परदेशी माणसाची ती चूकच धरली जाते. अन्याय आहे, पण आहे.

‘व्हेनेव्हर’. आपण शिकलो ‘जेव्हा जेव्हा’. इथे ते साधं ‘जेव्हा’. ऑफिसातला एकजण म्हणाला, “व्हेनेव्हर माय डॅड डाइड...” मी दचकलो. बापाचं मरण काय पुन्हा पुन्हा येतं? त्याला एवढंच म्हणायचं होतं की वडील गेले तेव्हा.

‘एनीमोर’. पुस्तकात हा नकारासोबत येतो. इथे होकारातही चालतो आणि अर्थ होतो ‘हल्ली’, ‘आताशा’. “पार्किंग इज सो एक्स्पेन्सिव्ह एनीमोर” याचा अर्थ पार्किंग हल्ली फार महाग झालंय. पहिल्यांदा ऐकताना ‘आता महाग राहिलं नाही’ असं वाटतं. पैशाच्या बाबतीत हा गैरसमज परवडत नाही.

आणि सगळ्यात बेरकी खोडी, सुराची. हो-नाहीचा प्रश्न विचारताना आपला आवाज शेवटी वर जातो: “झालं?” जुन्या पिट्सबर्गकराचा आवाज शेवटी खाली येतो, विधान केल्यासारखा. एका कॅफेत मी पुस्तक वाचत होतो. एक काका समोर उभे राहिले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून खालच्या पट्टीत म्हणाले, “आर यू यूझिंग दॅट चेअर.” मला ते निरीक्षण वाटलं. मी हसून मान डोलावली आणि परत वाचायला लागलो. ते उभेच. मीही वाचतोच आहे. शेवटी पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं, “ते खुर्ची मागतायत.” तेव्हा, समोरचा बोलून थांबला आणि तुमच्याकडे बघत राहिला, तर तो प्रश्न होता असं समजा.

## ६. दुकानात आणि ताटात

शाकाहारी असाल, किंवा गोमांस-डुकराचं मांस खात नसाल, तर ही पायरी दोनदा वाचा.

सिटी चिकनमध्ये कोंबडी नसते. डुकराच्या किंवा वासराच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून, कोंबडीच्या तंगडीसारखा आकार देऊन तळलेले असतात. कोंबडी महाग होती त्या काळातली ही जुगाड आहे. “मी फक्त चिकन खातो” म्हणणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींनी ते निर्धास्त मागवलं आहे.

जम्बो म्हणजे मोठं सँडविच नव्हे. बोलोनी नावाचं दळलेल्या मांसाचं गुबगुबीत सॉसेज असतं, त्याच्या चकत्या.

चिप्ट हॅम म्हणजे कागदासारखे पातळ काप केलेलं डुकराचं मांस. आयझलीज नावाच्या दुकानांनी ते घराघरांत पोचवलं.

डिप्पी एग्ज म्हणजे पिवळा बलक पातळ ठेवून केलेली अंडी, टोस्ट बुडवून खायला.

‘पॉप’ म्हणजे कोल्ड्रिंक, ‘बगी’ म्हणजे दुकानातली ढकलगाडी, ‘होगी’ म्हणजे लांबट पावाचं सँडविच. ‘सॅलड’ मागवाल तर बऱ्याच ठिकाणी वर तळलेले बटाटे येतील. ती चूक समजून परत पाठवू नका, इथलं खास सॅलड तसंच असतं. बटाटा वाया न घालवणारं शहर आहे. १९३३ पासूनचं प्रिमँटी ब्रदर्स तर सँडविचच्या आतच तळलेले बटाटे आणि कोबीची कोशिंबीर भरतं.

आपल्यासाठी चांगली बातमीही आहे. पिरोगी म्हणजे उकडलेली करंजीच, आत बटाटा आणि चीज, वर लोण्यात परतलेला कांदा. हलुश्की म्हणजे लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया. पण कधी कधी त्यात बेकन, म्हणजे डुकराचं मांस घालतात, विचारून घ्या. ईस्टरच्या आधीच्या लेंट या उपवासाच्या काळात शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत. तेव्हा चर्चच्या तळघरांत ‘फिश फ्राय’ लागतात. मासे खाणाऱ्यांची चंगळ, आणि न खाणाऱ्यांना पिरोगी-हलुश्की बहुतेक ठिकाणी मिळतात. बोली ऐकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. वाढणाऱ्या आज्या, रांगेतले निवृत्त गिरणी कामगार, सगळे ‘यिन्झ’वाले.

इथल्या लग्नाला बोलावणं आलं तर कुकी टेबल बघाल. नातेवाईक बायकांनी आठवडे खपून केलेल्या शेकडो कुकीज एका टेबलावर मांडतात. आपल्या रुखवताचीच बहीण, फरक एवढाच की ही खायची असते आणि घरी न्यायला डबेही ठेवलेले असतात. कुणी केली, कशी केली याचं कौतुक करायला विसरू नका. रुखवताचे नियम इथेही लागू आहेत.

## ७. रस्त्यावर

पिट्सबर्ग लेफ्ट. सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणारी पहिली गाडी, सरळ जाणाऱ्यांच्या आधी, झटकन वळून जाते. सरळ जाणारे हात करून तिला जाऊ देतात. कायद्यात हे बसत नाही; डावीकडे वळणाऱ्यानेच थांबायचं असतं. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चुकूनही करू नका. पण स्वतः सरळ जाताना हिरवा दिवा लागल्या लागल्या ॲक्सिलरेटर दाबू नका, समोरचा वळणार हे धरून चला. भारतात गाडी चालवलेल्यांना हे जमतं.

पार्किंग चेअर. बर्फ खणून मोकळी केलेली जागा माणूस एक मोडकी खुर्ची ठेवून राखतो. रस्ता सरकारी, खुर्ची बेकायदा, पण ती उचलायची नाही. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेला रुमाल आठवा.

पत्ता. जुना माणूस पत्ता सांगताना जिथे पूर्वी काहीतरी होतं त्या खुणा देतो: “जिथे आयझलीज होतं तिथून डावीकडे.” ते दुकान तुमच्या जन्माआधी बंद झालेलं असतं. वाद घालू नका, फोनवर नकाशा उघडून पुढे करा आणि बोट ठेवायला सांगा.

ट्यूब्ज म्हणजे बोगदे, विशेषतः १९२४ चा लिबर्टी टनेल. बाथटब म्हणजे पार्कवे या महामार्गाचा डाउनटाउनजवळचा खोलगट तुकडा. मॉनला पूर आला की तो भरतो आणि रस्ता बंद होतो. रेडिओवर “बाथटब बंद आहे” ऐकून मी माझं न्हाणीघर तपासलं नव्हतं, पण टाइलच्या प्रकरणानंतर तपासलं असतं तरी चाललं असतं. इन्क्लाइन म्हणजे टेकडीवर रुळांवरून चढणारे डबे, १८७० आणि १८७७ साली सुरू झालेले दोन उरलेत. त्यांना ‘केबल कार’ म्हणालात की नवखे आहात हे लगेच कळतं.

आणि केनीवूड. वेस्ट मिफलिनमधलं १८९८ पासूनचं करमणुकीचं उद्यान. फेब्रुवारीतल्या एका सकाळी लिफ्टमध्ये सुरक्षा रक्षक मला हळूच म्हणाला, “केनीवूड्ज ओपन.” मी म्हटलं, “एवढ्या थंडीत? ते तर मे महिन्याच्या आसपास उघडतं ना?” त्याने पुन्हा म्हटलं, जरा जोर देऊन. मी तिकिटाची किंमत विचारली. तिसऱ्या मजल्यावर तो बाहेर पडला, जाता जाता नजरेनेच खाली खूण करून. पँटची चेन उघडी होती.

## ८. हे शब्द तोंडात घेऊ नका

जॅगॉफ. रस्त्यावर आडवा घुसणारा, पार्किंगची खुर्ची उचलणारा, विनाकारण त्रास देणारा माणूस. ‘जॅग’ म्हणजे टोचणं, जॅगरबुशवाला. ‘जॅग अराउंड’ म्हणजे चेष्टामस्करी. म्हणून पिट्सबर्गकर तो शिवी मानत नाहीत, टी-शर्टवर छापतात. बाहेरच्या माणसाला मात्र तो एका अश्लील शब्दासारखा ऐकू येतो. मित्रांत चालतो, ऑफिसात नाही. तुम्हाला कुणी म्हटलं तर आपलं काय चुकलं ते आधी बघा. बहुधा खुर्ची असते.

हंकी. मध्य युरोपातून आलेल्या गिरणी मजुरांना हिणवून वापरलेला शब्द. त्यांची नातवंडं आपापसांत हसत म्हणतील. आपण कधीच नाही.

यिन्झर. ‘यिन्झ’ म्हणणारा, अस्सल इथला. कुणी अभिमानाने स्वतःला म्हणवतो, कुणी ‘अडाणी’ अशा अर्थाने दुसऱ्याला. १९८० च्या दशकात गिरण्या बंद पडल्या, हजारो लोक पोटासाठी दुसऱ्या राज्यांत गेले, आणि तिथे गेल्यावर त्यांना कळलं की आपण वेगळं बोलतो. कार्नेगी मेलनच्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा जॉनस्टन यांनी हेच बारकाईने मांडलं आहे: जे बोलणं आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ते गावाची ओळख होऊन बसलं. पुण्यात शिकताना माझ्या “काय करायलायस”ला वर्ग हसला, तोवर ते कोल्हापुरी आहे हे मला तरी कुठे माहीत होतं?

शिवाय ‘यिन्झर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरा गिरणी कामगार येतो. हिल डिस्ट्रिक्ट, होमवूड इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्याही कित्येक पिढ्या याच गावात गेल्या आणि त्यांची बोली निराळी आहे. समोर पिट्सबर्गचा माणूस आहे म्हणून “जरा यिन्झ म्हणून दाखवा ना” अशी फर्माईश कुणालाच करू नका.

## ९. मग आपण बोलायचं का?

पहिलं वर्ष नाही. आपल्या तोंडून ‘यिन्झ’ आणि ‘नॅट’ नक्कल वाटतात, आणि नक्कल केलेली कोल्हापुरी ऐकून मला जे होतं तेच त्यांना होतं. समजलं नाही तर सरळ सांगा: “मी नवीन आहे, पुन्हा सांगाल का?” आणि शब्दाचा अर्थ विचारा. हे लोक खुशीने सांगतात, कधी कधी पंधरा मिनिटं सांगतात. बस चुकते.

दुसऱ्या वर्षी काही शब्द न विचारता आत येतात. माझ्या तोंडात आले ते ‘रेड अप’ आणि ‘स्लिपी’, कारण त्यांची गरज रोज पडते. घरमालकीणबाईंना मी एकदा फोन करून म्हणालो, मागचा जिना स्लिपी झालाय, मीठ आहे का. त्या पलीकडे क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “यिन्झ स्टे इन, हन, आयल सेंड हिम ओव्हर.” मी एकटाच होतो. पण यिन्झमध्ये मी आणि माझा रूममेट दोघं आलो होतो, हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहा मिनिटांत त्यांचा मुलगा मिठाची पिशवी घेऊन आला, आणि सोबत एक डबा. हलुश्की होती. मी बेकन आहे का विचारलं. नव्हतं.